मातोश्री आणि चौथी खाच

मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक शॉकअप असतो, शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक कडी असते आणि त्या कडीला पाच खाचा असतात, ही गोष्ट उत्तरेश्वर गव्हाणेला तीन वर्षं मोटरसायकल चालवूनही माहीत नव्हती. तशी ती पुण्यात फारशी कुणालाच माहीत नसते आणि तरीही शहराचं बरं चाललेलं असतं. पण उत्तरेश्वर मेकॅनिकलचा इंजिनियर होता, तोही डिस्टिंक्शनवाला. म्हणून पुढं जे झालं ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

मेकॅनिकलचा इंजिनियर हिंजवडीला कॉम्प्युटरसमोर बसून काय करतो, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नसे. मोबाइलचं इनकमिंग फुकट होऊन वर्षभर झालं होतं, आणि सिव्हिलवाले, केमिकलवाले, झालंच तर एक शेतकी पदवीधर, असे सगळे एकाच कंपनीच्या एकाच बसमध्ये बसून सॉफ्टवेअर लिहायला जात. उत्तरेश्वरही जाई. आपण मुळात यंत्राचा माणूस आहोत ही ओळख मात्र त्यानं मनात जपून ठेवली होती, लग्नातला सूट कपाटात ठेवतात तशी. तिची घडी मोडायचा प्रसंग अजून आला नव्हता.

तो शुक्रवारी आला. त्या दिवशी त्याची आई पुण्याला आली.

मथुराबाई गव्हाणे कळंब तालुक्यातल्या आंबेधानोऱ्याच्या सरपंच होत्या. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा गावातल्या पुढाऱ्यांनी 'ही गप बसेल' अशा हिशेबानं त्यांना उभं केलं होतं. माणसाची पारख चुकावी तर किती चुकावी! सरकारनं निवडक सरपंचांना पुण्यात तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं, त्यात मथुराबाईंचं नाव होतं आणि सोमवारी, पहिल्याच दिवशी, त्यांना गावच्या पाण्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं होतं. माजी सरपंचांनी आपली जीप देऊ केली. मथुराबाईंनी भर ग्रामसभेत सांगितलं, "जीप नगं. पुन्यात माज्या लेकाची गाडी हाय." सभेनं टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून उत्तरेश्वरच्या मोटरसायकलवरून प्रशिक्षणाला जाणं हा जवळजवळ ग्रामपंचायतीचा ठरावच होता.

उत्तरेश्वर त्यांना शिवाजीनगरच्या स्टँडवर घ्यायला गेला. त्याचं स्वतःचं वजन चोपन्न किलो, तेही पावसात भिजल्यावर. बायकोची, अपेक्षाची, स्वतःची स्कूटी होती. त्यामुळं त्या मोटरसायकलनं तीन वर्षांत चोपन्न किलोंपलीकडचं जग पाहिलंच नव्हतं. मथुराबाई मागं एका अंगाला पाय सोडून बसल्या, मांडीवर ज्वारीच्या पिठाची पिशवी घेतली, आणि गाडी मागच्या बाजूनं अशी खाली बसली की पुढचा दिवा आकाशाकडं बघू लागला.

त्या वर्षी पुण्यात असा रस्ता नव्हता ज्याच्या पोटात कुणी ना कुणी इंटरनेटची तार घालत नव्हतं. कर्वेनगरला पोचेपर्यंत असे नऊ चर लागले. प्रत्येक चरात गाडीच्या मागून 'धप्' असा आवाज यायचा आणि त्यापाठोपाठ मथुराबाईंचा 'अगं आई'. पाचव्या चरानंतर 'अगं आई' बंद झालं. उत्तरेश्वरला वाटलं, सवय झाली.

घराशी उतरल्यावर त्या म्हणाल्या, "गाडी चांगली हाय तुजी. रस्ता तेवढा आपल्या गावाकडून आनलेला दिसतोय." आणि एक हात कमरेवर ठेवून सोसायटीच्या फळ्यावरची सूचना वाचत उभ्या राहिल्या. पाण्याची टाकी धुण्याबद्दलची ती चार ओळींची सूचना त्यांनी पाच मिनिटं वाचली. मग कठडा धरून एकेक पायरी चढल्या. तेव्हा उत्तरेश्वरच्या ध्यानात आलं की आईला सूचनेत रस नव्हता.

"उत्तर," अपेक्षा स्वयंपाकघरातून म्हणाली. ती मूळची कसबा पेठेतली, त्यामुळं आवाज न चढवता बोलायची. "रिक्षा नावाचं एक वाहन असतं. तीन चाकांचं. सोमवारी एक बोलवूया का?"

"रिक्षा नगं," आतल्या खोलीतून सरपंचांचा आवाज आला.

उत्तरेश्वरनं कपाटातून गाडीचं माहितीपुस्तक काढलं. असं पुस्तक काढणारा तो त्या सोसायटीतला पहिलाच असावा. सदतिसाव्या पानावर ते वाक्य होतं: मागे व्यक्ती बसणार असल्यास दोन्ही शॉकअप अधिक कडक खाचेवर लावावेत. त्यानं ते तीनदा वाचलं. म्हणजे गाडीत दोष नव्हता, रस्त्याचाही पूर्ण दोष नव्हता. फक्त एक कडी फिरवायची होती. तेही एका मेकॅनिकल इंजिनियरनं, ज्याला कंपनशास्त्रात एकाहत्तर मार्क होते.

"उद्या सकाळी दहा मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला.

अपेक्षानं शेकासाठी मीठ बाहेर काढून ठेवलं. कसब्यातल्या माणसाचं म्हणणं असं समजून घ्यायचं असतं.

शनिवारी सकाळी तो पार्किंगमध्ये उतरला. सीटखालचं टूलकिट अजून प्लॅस्टिकच्या पाकिटात होतं. त्यातून आकड्यासारखा वाकडा पाना निघाला. तो हातात धरून उत्तरेश्वर चाकापाशी बसतो न बसतो तोच मागून आवाज आला, "काय गव्हाणे, काही बिघडलंय की बिघडवताय?"

हे आगाशेकाका. एका कारखान्यात छत्तीस वर्षं तपासनीस होते. त्यांच्या हाताखालून एक चुकीचा नट कधी सुटला नाही आणि निवृत्तीनंतर एक शेजारी. उत्तरेश्वरनं सगळं सांगितलं.

"मागे बसणाऱ्याचं वजन किती?"

"माझी आई आहे, काका."

"मी नातं नाही विचारलं. वजन विचारलं."

तेवढ्यात प्लॅस्टिकची खुर्ची ओढत आप्पासाहेब आले. सोसायटी उभी होती ती जमीन एके काळी आप्पासाहेबांची ज्वारी होती. आता त्यांचे इथं चार फ्लॅट होते आणि ज्वारी वाण्याकडून यायची. "वजन कशाला पायजे?" ते म्हणाले. "म्या ह्याच जागेवरनं गाडीला दोन-दोन दुधाचे क्यान लावून मंडईपतूर जात हुतो. थेंब सांडला न्हाई. शॉकअपला हात लावू नका, चाकातली हवा कमी करा."

"हवा कमी? टायर कापला जाईल, आप्पासाहेब."

"आमचा न्हाई कापला."

"तुमच्या मागे दूध होतं. याच्या मागे माणूस आहे."

दूध आणि माणूस यांतल्या फरकावर दोघांची जुंपली. उत्तरेश्वर हळूच जिना चढून वर गेला. आईला वजन विचारणं हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं. त्यानं जमेल तितक्या आडून विचारलं.

"कशापायी?" मथुराबाई म्हणाल्या.

"गाडीचं सेटिंग करायचंय. गाडीला वजन सांगावं लागतं."

"मंग गाडीलाच इचार की. काल तिनंच उचललंय."

आणि त्या स्वतः खाली आल्या. तोवर पार्किंगमध्ये सात-आठ माणसं जमली होती आणि प्रत्येकाला मोटरसायकलबद्दल मत होतं. मथुराबाईंनी क्षणभर ऐकलं, आप्पासाहेबांची रिकामी खुर्ची ओढली आणि बसल्या. "एकेकानं बोला," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण पार्किंग शांत झालं. "आदी हे चष्म्यावाले. मंग तुमी, दादा. मधी कुनी बोलायचं न्हाई."

आगाशेकाकांना छत्तीस वर्षांत कुणी 'आधी तुम्ही' म्हटलं नसावं. त्यांनी घसा खाकरला आणि अतिशय व्यवस्थित सांगितलं, की वजन सांगायचं नसेल तर नको, पण माणूस बसवून स्प्रिंग किती दबते ते मोजता येतं. आप्पासाहेबांनी हवेचा मुद्दा मांडला. मथुराबाईंनी दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला, "मोजून बगू. हवा नंतर."

मग सरपंच गाडीवर बसल्या, उत्तरेश्वर पुढं बसला आणि निवृत्त तपासनीस आगाशे पोलादी पट्टी घेऊन पार्किंगच्या फरशीवर पालथे झोपले. तिथून त्यांचा आवाज आला, "बुडाला टेकलीय. चौथी खाच."

आता कडी फिरवायची होती. डाव्या बाजूला पाना लावून उत्तरेश्वरनं जोर दिला. टक्, टक्. दुसरीवरून चौथी. लोकांनी माना डोलावल्या. तो उजव्या बाजूला गेला आणि तिथं थांबला. अशा ठिकाणी अडाणी माणूस सरळ पाना लावतो. इंजिनियर विचार करतो. त्यानं विचार केला, की मी समोरच्या बाजूला आलो, म्हणजे आरशातल्यासारखी दिशा उलटी झाली.

"डावीकडे!" आगाशेकाका म्हणाले.

"कुणाच्या डावीकडे?"

"गाडीच्या."

"आवं, उजवीकडं," आप्पासाहेब म्हणाले, कारण आगाशे डावीकडे म्हणाले होते.

उत्तरेश्वरनं आरशाच्या सिद्धान्ताप्रमाणं पाना ओढला. एकदा टक् झालं आणि मग कडी हलेना. "घट्ट बसली," तो समाधानानं म्हणाला. खरं म्हणजे ती पहिल्या खाचेवर, सगळ्यात ढिली होऊन, पुढं जायला जागा नाही म्हणून थांबली होती.

मथुराबाईंना मागं घेऊन तो चौकापर्यंत चक्कर मारायला निघाला. पहिला स्पीडब्रेकर नगरसेवकाच्या ऑफिससमोर होता आणि त्याची उंची नगरसेवकाच्या मतांच्या आघाडीएवढी होती. गाडीची डावी बाजू त्यावर ताठ उभी राहिली, उजवी बाजू खचली आणि मथुराबाई उजवीकडं मागं कलंडल्या. त्यांनी लेकाची कॉलर धरली म्हणून पडल्या नाहीत. पण कमरेत अशी उसण भरली, की उतरल्यावर सरळ होईनात.

परत येताना दोघं चालत आली. मथुराबाई कमरेवर हात ठेवून, उत्तरेश्वर गाडी ढकलत. फक्त अडीचशे पावलांचा रस्ता, पण शनिवारी सकाळी त्या रस्त्याच्या गॅलऱ्यांत किती माणसं उभी असतात याची त्याला त्या दिवशी कल्पना आली. आगाशेकाका फाटकाशी होते. "गाडी लंगडतेय," ते म्हणाले. आप्पासाहेब म्हणाले, "म्या म्हनलं हुतं." काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि उत्तरेश्वरनं विचारलं नाही.

दुपारी चार वाजता तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. काचेचं दार, थंडगार हवा, टोकनचं मशीन. नवीन पुण्यात मोटरसायकलींची माणसांपेक्षा जास्त बडदास्त होती. काउंटरवरच्या मुलीच्या बिल्ल्यावर 'संस्कृती' असं नाव होतं.

"कंप्लेंट काय आहे, सर?"

"तक्रार नाही. शॉकअप ॲडजस्ट करायचेत."

"सिस्टीममध्ये तीनच ऑप्शन आहेत, सर. आवाज, गळती, तुटलेलं."

"यातलं काहीच नाही. फक्त खाच बदलायची."

"मग जॉब कार्ड नाही निघणार, सर. आणि जॉब कार्डशिवाय मेकॅनिक हात नाही लावत."

मागं रांग वाढत होती. "बरं, तुटलेलं टाका," उत्तरेश्वर म्हणाला.

"ओके. कशामुळे?"

"मागं आई बसली होती."

"सर, प्लीज शुद्ध शब्दात सांगा, प्रिंट हेड ऑफिसला जातं."

"मातोश्री," उत्तरेश्वर कष्टानं म्हणाला.

तिनं भराभरा टाइप केलं आणि कागद पुढं सरकवला. त्यावर छापलं होतं: भाग - मातोश्री. स्थिती - तुटलेली. कार्यवाही - तपासणीसाठी दोन दिवस ठेवून घेणे, आवश्यक वाटल्यास बदलून देणे.

उत्तरेश्वरला घाम फुटला. "अहो, हा तुमचा प्रोग्रॅम कुठल्या गाढवानं लिहिलाय? तिथं मोकळं लिहायची सोय नको का?"

संस्कृतीनं सौजन्यानं स्क्रीन त्याच्याकडं वळवला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याच्याच कंपनीचं नाव होतं. तो पडदा त्याला ओळखीचा वाटला. वाटणारच. दोन वर्षांपूर्वी तो त्यानंच केला होता. ग्राहक काय वाटेल ते लिहितात, त्यांना मोकळं लिहू देऊ नये, तीनच पर्याय ठेवावेत, हे त्यानंच मीटिंगमध्ये पाऊण तास भांडून पटवलं होतं. त्याबद्दल त्याला त्या महिन्यात प्रशस्तिपत्रही मिळालं होतं.

त्यानं जॉब कार्डाची घडी केली, खिशात घातली आणि लंगडती गाडी घेऊन घरी आला. 'गाढव' हा शब्द त्यानं मनातल्या मनात परत घेतला, पण तो काही केल्या परत येईना.

घरी मथुराबाई फरशीवर सतरंजी टाकून उताण्या पडल्या होत्या. अपेक्षा गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेक देत होती. मथुराबाई पंख्याकडं बघत भाषण म्हणत होत्या. मध्येच कळ यायची, थांबायच्या, ओठ आवळायच्या आणि जिथं थांबल्या तिथूनच पुढं सुरू करायच्या.

"आई, बसून बोललात तरी चालेल तिथं," अपेक्षा म्हणाली.

"चालंल की. पन बसून बोलले तर म्हनतील, बाई दमली." मग लेकाकडं न बघता त्या म्हणाल्या, "उत्तऱ्या, तू जिवाला लावून घिऊ नगंस. सोमवारपतूर हुईन मी सरळ. गाडी तेवढी तू सरळ कर."

प्रशस्तिपत्रं त्याला बरीच मिळाली होती, पण इतकं साधं आणि इतकं अवघड काम कुणी सोपवलं नव्हतं.

"बाबांची स्कूटर कसब्यात सर्जेरावांकडे असायची," अपेक्षा म्हणाली. "हात सोन्याचा आहे. पण ते बोलतात. तुला झेपेल?"

रविवारी मथुराबाईंची कमर बरीच मोकळी झाली होती. सर्जेरावांचा नियम असा, की मागं बसणारा माणूस समोर असल्याशिवाय ते शॉकअपचं बोलतच नाहीत. म्हणून अपेक्षा सासूला पीएमटीनं घेऊन निघाली. बसला मथुराबाईंची हरकत नव्हती, बस सरकारी होती. उत्तरेश्वर एकटा मोटरसायकलवरून गेला आणि शेवटच्या बोळात उतरून त्यानं ती ढकलत नेली.

सर्जेरावांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. वय साठीच्या पुढं, चष्म्याला सुतळी. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दोन्ही कड्या पाहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी."

"रागानं?"

"नाही. आईला त्रास होऊ नये म्हणून."

सर्जेरावांनी जिन्याच्या पायरीवर बसलेल्या मथुराबाईंकडं सहानुभूतीनं पाहिलं. "शिक्षण काय?"

"बी. ई. मेकॅनिकल."

सर्जेरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. समोरच्या तांबटाची हातोडी थांबल्यासारखी वाटली. "म्हणजे ब्रेकला हात लावला नाहीत, हे तुमच्या मातोश्रींचं नशीब," ते शेवटी म्हणाले.

मातोश्री हा शब्द दोन दिवसांत दुसऱ्यांदा लागला. उत्तरेश्वरनं पाना त्यांच्यापुढं धरला.

"मला नका देऊ," सर्जेराव म्हणाले. "गाडी तुमची, आई तुमची. उद्या पुन्हा एकटे फिरणार, परवा पुन्हा त्यांना बसवणार. प्रत्येक वेळी कसब्यात येणार का? बसा खाली. डोळे मिटा."

"डोळे?"

"डोळ्यांनी बघितलंत तेव्हा काय झालं ते दिसतंय."

उत्तरेश्वर नव्या पँटनिशी ग्रीसच्या डागांवर मांडी घालून बसला आणि डोळे मिटले. सर्जेरावांनी त्याचं बोट धरून कडीच्या कडेवर ठेवलं. "पायऱ्या लागतात का हाताला? चढत्या कुठल्या अंगाला आहेत? तिकडं फिरवायचं. डावं-उजवं पुढाऱ्यांना. आपल्याला फक्त चढ आणि उतार."

बोटाखाली खरोखरच छोट्या पायऱ्या होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. एकाहत्तर मार्कांत कुठंही न भेटलेला जिना. त्यानं पाना लावला आणि चढाच्या बाजूला ओढला. टक्. हाताला कळलं. टक्. टक्. उजवी कडी चौथीवर आली. डावी आधीच चौथीवर होती, पण सर्जेरावांनी ती मुद्दाम पहिलीवर उतरवायला लावली आणि पुन्हा चढवायला लावली. "दोन्ही एकाच हातानं, एकाच मनानं बसल्या पाहिजेत," ते म्हणाले. शेवटची खाच जड होती. पाना दोनदा सटकला, बोटाचं साल निघालं. अपेक्षा पुढं झाली तशी मथुराबाईंनी तिला हातानंच थांबवलं.

टक्.

मग मथुराबाई बसल्या. सर्जेरावांनी मागून सीटवर दोन्ही हातांनी भार दिला. गाडी दबली आणि अगदी सावकाश, जाणत्या बैलासारखी, पुन्हा वर आली. पुढचा दिवा सरळ समोर बघत होता. सर्जेरावांनी मागच्या चाकात थोडी हवा वाढवली, कमी नव्हे. हे आप्पासाहेबांना सांगायचं की नाही, याचा निर्णय उत्तरेश्वरनं पुढं ढकलला.

"आणखी एक," सर्जेराव म्हणाले. "खड्डा आला की मागच्याला आधी सांगायचं. अर्धं काम शॉकअप करतो, अर्धं तोंड." आणि त्यांनी आपला हात पुसायचा फडका उत्तरेश्वरकडं टाकला. बाहेर निघाल्यावर अपेक्षा हळूच म्हणाली, "बाबा तीस वर्षं येत होते यांच्याकडे. फडका कधी मिळाला नव्हता."

सोमवारी सकाळी मथुराबाई इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन खाली आल्या. आगाशेकाका पट्टी न घेता आले होते. त्यांनी वाकून दोन्ही कड्या पाहिल्या, पुन्हा पाहिल्या आणि म्हणाले, "हं." छत्तीस वर्षं मालावर 'पास' असा शिक्का मारणाऱ्या माणसाचं ते 'हं' होतं. आप्पासाहेबांनी फाटक उघडून धरलं.

"आई, स्पीडब्रेकर!"

"बगितला."

गाडी चढली, उतरली. धप् झालं नाही. "आई, चर!" "हूं." पुढं तर एका रात्रीत नवा चर खणलेला होता आणि त्यावर नुसती माती ओढलेली होती. उत्तरेश्वरनं वेग कमी केला, हाक दिली, पाय टेकवून गाडी अलगद पलीकडं काढली. मागून काहीच आवाज आला नाही. त्यानं घाबरून मान वळवली. मथुराबाई शेजारच्या बसमधल्या बायकांकडं बघत होत्या. बायका त्यांच्याकडं बघत होत्या. "बग की म्होरं," त्या म्हणाल्या.

प्रशिक्षण केंद्राच्या फाटकाशी रखवालदारानं हात आडवा केला. आत जीपगाड्यांची रांग होती. त्यानं उत्तरेश्वरकडं पाहून सलाम ठोकला. "या, सरपंचसाहेब. पण घरच्या मंडळींना आत सोडता येणार नाही."

मथुराबाई गाडीवरून उतरल्या. कमरेला हात न लावता, कठडा न धरता, एकदम ताठ. उत्तरेश्वर ते बघत राहिला.

"सरपंच मी हाय," त्या म्हणाल्या.

रखवालदार गोंधळला, मग घाईघाईनं त्यानं वही उघडली. सरपंचांचं नाव, गाव, गाडीचा नंबर, चालकाचं नाव. "आणि हे?" त्यानं उत्तरेश्वरकडं पेन दाखवलं.

"ह्यो डायव्हर," मथुराबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

उत्तरेश्वरनं चालकाच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, वळणदार अक्षरात लिहिलं. मग ऑफिसात फोन करून सांगितलं, की आज येणार नाही, काम आहे.

जीपवाले चालक एका मोठ्या झाडाखाली बसले होते. त्यांनी त्याला सरकून जागा दिली. सभागृहाचा कर्णा बाहेर लावला होता, त्यातून एकामागून एक भाषणं येत होती आणि चालक तंबाखू मळत ती न ऐकता ऐकत होते. मग त्याला ओळखीचा आवाज आला.

"आमच्या गावाला पान्याची टाकी हाय. तीन वर्सं झाली, टाकी हाय. उद्घाटनाचा फोटूबी हाय. पानी न्हाई. मी साहेबास्नी इचारलं, टाकी कुटं बांदायची ह्ये कुनाला इचारलं हुतं? साहेब म्हनले, गावाला. मंग मी घरोघर गेले. पानी भरनाऱ्या एकशे चाळीस बायका हायती आमच्यात. एकेकीला इचारलं, तुला इचारलं हुतं का गं? एकीला बी न्हाई. तर मला येवडंच समजून घ्यायचंय, की साहेबांनी कोनतं गाव इचारलं?"

तंबाखू मळणारे हात थांबले. कर्ण्यातून काही क्षण नुसती खरखर आली. कुणीतरी बारीक आवाजात वेळ संपल्याचं सांगत होतं.

"व्हय, माजी पाच मिन्टं झाली," मथुराबाई म्हणाल्या. "आता पाच मिन्टं साहेबांची. मी हितंच उबी हाय."

आत टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की झाडावरचे कावळे उडाले. झाडाखालीही दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. उत्तरेश्वर वाजवायच्या विसरला, तो कर्ण्याकडं बघत होता.

"कुनाची बाई ही?" शेजारच्या जीपवाल्यानं विचारलं.

"आमची," उत्तरेश्वर म्हणाला.

जीपवाल्यानं त्याच्याकडं आदरानं पाहिलं आणि तळहातावरची तंबाखू पुढं केली. "लई करारी हाय. किती वर्सं हायेस तिच्याकडं?"

उत्तरेश्वरनं जरा हिशेब केला. येत्या पोळ्याला त्याच्या वयाचं चालू वर्ष पूर्ण होणार होतं.

"एकतीस," तो म्हणाला.

"एकतीस!" जीपवाला म्हणाला. "मंग तर घरच्यासारखाच की रे तू."

"हो," उत्तरेश्वर म्हणाला, "तसंच वागवतात."